एकोणसाठावी पायरी

४ जानेवारी

पोचलो एकदाचा. बसमधून उतरलो तेव्हा हातात एक बॅग, काखेत शब्दकोश आणि खिशात नेमणुकीचं पत्र, एवढाच संसार. छापखाना बंद पडल्यापासून सात महिने घरी बसून होतो. मुद्रितशोधकाला बाहेर कोण विचारतो? दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार फक्त छापखान्यात मिळतो, बाहेर नुसत्या शिव्या मिळतात. त्यामुळे लेखिकाबाईंचं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती. तिथेच ठरवलं, ही नोकरी धरायची.

घर रस्त्याच्या टोकाला, दुमजली. खाली बाईंची लिहिण्याची खोली, मागे स्वयंपाकघर, वर माझी खोली. जिन्याला चौदा पायऱ्या. मोजायची सवय माझी नाही, भिंगरीची. माझी आठ वर्षांची लेक जिना दिसला की मोठ्याने मोजत चढते, आणि जिना उंच असला तर अठ्ठावन्नानंतर हमखास साठ म्हणते. एकोणसाठ शिकवून शिकवून मी थकलो. तिचं म्हणणं, त्या पायरीवर मी पायच ठेवत नाही, उडी मारते, मग मोजू कशाला?

तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. सध्या तिला माझ्या ताईकडे ठेवलंय. शाळेचं वर्ष संपलं की इकडे आणेन. खिडकीपाशी तिची खाट बरोबर मावेल, आजच वितीने मापून पाहिलं.

७ जानेवारी

कामाची पद्धत कळली. बाई साठीच्या, ठेंगण्या, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. निळ्या शाईने हाताने लिहितात, मी टंकतो. गंमत अशी की मुख्य पात्राला नावच नसतं. जिथे नाव यायचं तिथे बाई बोटभर जागा मोकळी सोडतात. दर वर्षी मुलांच्या रुग्णालयासाठी लिलाव होतो आणि सगळ्यांत मोठी बोली लावणाऱ्याला बाईंच्या पुढच्या कादंबरीतल्या पात्राला नाव द्यायला मिळतं. कुणी स्वतःचं देतं, कुणी लेकराचं. मग त्या मोकळ्या जागा भरायच्या.

करारात गुप्ततेचं कलम आहे. पुस्तक निघेपर्यंत यातलं कुणाचंही नाव कुठेही लिहायचं नाही, खासगी वहीतसुद्धा नाही. मी सरळमार्गी माणूस, त्यामुळे या रोजनिशीत कुणाचंच नाव येणार नाही. भिंगरी हे आमचं लाडाचं नाव, तेवढं चालेल.

लिलावात द्यायच्या संमतिपत्राच्या वीस प्रती टंकल्या. नाव स्वतः किंवा आईवडिलांपैकी एकाने, स्वतःच्या हाताने, राजीखुशीने लिहिलेलं असावं. दिलेलं नाव परत मागता येणार नाही. वाचून हसू आलं. वकिलांनाही पोट आहे म्हणा.

१२ जानेवारी

इथली माणसं ओळखीची होऊ लागली. स्वयंपाकाच्या मावशी कमी बोलतात, पण पोळी ताटात टाकण्याच्या आवाजावरून त्यांचा राग-लोभ कळतो. फाटकाबाहेरच्या बाकावर रोज दुपारी एक आजोबा येऊन बसतात. त्यांना सगळे घड्याळजी म्हणतात, पण मी वेळ विचारली तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले, जणू काही ते पहिल्यांदाच दिसतंय. मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्याजवळ बाईंची दोन वर्षांपूर्वीची कादंबरी आहे, पानं पार मऊ पडलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढे करून ते एकच पान वाचून दाखवायला सांगतात. मीही वाचून दाखवलं. डोळे मिटून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचं वर्णन आहे, असं जिवंत की स्क्रू फिरल्याचा आवाज यावा. आजोबा रडत होते. केवढे हे चाहते, असं मनात म्हटलं.

२० जानेवारी

नवी कादंबरी एका मुलीची आहे. दीपगृहाच्या रखवालदाराची आठ वर्षांची मुलगी. बाप पहिल्याच प्रकरणात होडी घेऊन गेला तो परत येत नाही, आणि ती वरच्या दिव्यापाशी एकटी राहते.

खरं सांगू? लिखाण निर्जीव आहे. मुलगी चालते, बोलते, जेवते, पण पोत्यासारखी. मला वाटलं, दोष त्या मोकळ्या जागांचा. तीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला मोकळी जागा म्हणजे दातातली फट, जीभ तिथेच जाते. नाव घातलं तर कसं वाचता येईल ते बघावं म्हणून मी पेन्सिलीने हलक्या हाताने आमच्या भिंगरीचं खरं नाव पहिल्या जागेत लिहिलं. मग दुसऱ्या. मग मुलीच्या सगळ्याच. बेचाळीस ठिकाणी.

वाचून पाहिलं आणि ऊर भरून आला. लिलावात बोली लावायची माझी ऐपत सात जन्मांत व्हायची नाही. म्हटलं, चार दिवस तरी माझी पोर पुस्तकात राहू दे. नंतर खोडून टाकेन.

बाजारात लाल चपला घेतल्या, तिच्या वाढदिवसासाठी.

२ फेब्रुवारी

लिलाव झाला. मोठं सभागृह, रांगेने खुर्च्या, समोर वॉर्डातल्या मुलांचे फोटो. सुरुवातीला चित्रं गेली, मग एक जुना पियानो गेला, शेवटी नाव. डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या भाचीसाठी बोली जिंकली. भाचीच्या आईने ठसठशीत अक्षरात कागदावर नाव लिहिलं आणि टाळ्या पडल्या. भाची लाजून खुर्चीखाली शिरली.

संध्याकाळी पेन्सिलीचं नाव सगळीकडून खोडलं आणि त्या मुलीचं शाईने भरलं. खोडताना उगाचच वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी

सकाळी बाईंनी बोलावलं. त्या भाचीचं नाव त्यांनी पानापानावर काट मारून टाकलं होतं. म्हणाल्या, हे बसत नाही, या मुलीत आधीच कुणीतरी आहे. मग पान उजेडाकडे तिरपं धरलं. खोडलेल्या पेन्सिलीचे वळ दिसत होते.

नोकरी गेली असं धरून सगळं कबूल केलं. पण बाई रागावल्या नाहीत. माझीच लेक का, मी स्वतःच्याच हाताने लिहिलं का, एवढंच विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाल्या, “राहू दे?”

डॉक्टरीणबाईंना पुढच्या वर्षीचं पात्र देता येईल, म्हणाल्या. माझ्या भिंगरीचं नाव पुस्तकात, तेही फुकटात! मी विचार केला का? क्षणभरही नाही.

“राहू दे,” मी म्हणालो.

९ फेब्रुवारी

बाईंचा हात आता थांबत नाही. दिवसाला वीस-वीस पानं. आणि काय लिखाण! मुलगी पानातून उठून बसेल असं वाटतं. आजच्या प्रकरणात ती दीपगृहाच्या पायऱ्या मोजत चढते, आणि अठ्ठावन्नानंतर साठ म्हणते.

हे मी बाईंना सांगितलेलं नाही. पुन्हा आठवून पाहिलं. नाही सांगितलेलं.

दुपारी ताईचा फोन आला. कौतुकाने सांगत होती, भिंगरी शहाणी झाली हो, काल देवळाच्या पायऱ्या मोजताना न चुकता एकोणसाठ म्हणाली. मीही वा म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र ते प्रकरण काढून पुन्हा वाचलं.

१७ फेब्रुवारी

आता कळतंय. मी दोन रकाने आखले. डावीकडे, बाईंनी आठवड्यात काय लिहिलं. उजवीकडे, ताई फोनवर काय म्हणाली.

दीपगृहातली मुलगी जेवताना पाय हलवते. आमची आता हलवत नाही. ती झोपेत हसते. आमची हसायची थांबली. ती एका जागी ठरत नाही, गरगर फिरते. ताई म्हणाली, पोर दिवसभर खिडकीत बसून असते, ताप वगैरे काही नाही, नुसती बसते.

योगायोग असेल. योगायोगच असू दे.

२१ फेब्रुवारी

ताईकडे जाऊन आलो. चार तासांचा प्रवास, चपला बरोबर घेतल्या होत्या. भिंगरी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. मला पाहून उठली नाही. मी मिठी मारली तर अंग चोरून उभी राहिली, आणि मग मला म्हणाली, “तुम्ही कुणाकडे आलात?”

मला ती जन्मात कधी तुम्ही म्हणाली नव्हती. बाबा, तू वेडा आहेस, हे तिचं रोजचं वाक्य. तिला उचललं तर उशीसारखी हलकी. चपला पायात घातल्या, ढिल्या झाल्या. घर सोडताना तिच्या पायाचं माप आणलं होतं, त्यावरच घेतल्या होत्या.

ताईने एवढंच म्हटलं की हल्ली हाक मारताना तिचं नाव चटकन तोंडात येत नाही. शाळेतल्या शिक्षिकाही हजेरीत तिला गाळतात म्हणे. मी चपला पिशवीत टाकल्या आणि आलो. तिला घेऊनच यायला हवं होतं. पण ज्या घरात ते हस्तलिखित आहे तिथे तिला कसं आणू?

२४ फेब्रुवारी

मावशींना गाठलं. पोळपाट बाजूला सारून त्या खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. विसरायला होऊ नये म्हणून त्या हे डब्याच्या झाकणाआत लिहून ठेवतात. घड्याळजी खरेच घड्याळजी होते, गावात त्यांच्यासारखा कारागीर नव्हता. दोन वर्षांपूर्वी हौसेने स्वतःचं नाव दिलं. आता त्यांना बायको ओळखत नाही, दुकान भलत्याच माणसाचं आहे, आणि त्यांचे हात, त्यांचं कसब, सगळं त्या पानात आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की तेवढ्यापुरतं त्यांना काहीतरी आठवतं.

माझ्या आधीच्या टंकलेखकाने कुणाची तरी दया येऊन पानं जाळली होती. नाव दिलेली बाई परत आली नाही. पुस्तकातलीही गेली. मावशी म्हणाल्या, “जाळू नका. आता ती तिथेच आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी मागितलं नव्हतं. मी आपण होऊन लिहिलं, बेचाळीस वेळा.

२५ फेब्रुवारी

बाईंच्या पाया पडलो. अक्षरशः, कपाळ फरशीला टेकवून. म्हटलं, माझं काहीही घ्या, तिला सोडा.

त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. हळू आवाजात सांगत होत्या की पूर्वी त्यांची माणसं कागदावर मेलेली पडत, आता श्वास घेतात. “एका नावात वॉर्डात चार खाटा येतात. त्या खाटांवरची मुलं तुम्ही पाहिलीत?” म्हणाल्या. मी पाहिली होती, फोटोत. मला त्या क्षणी त्या मुलांचा राग आला. आजारी लेकरांचा राग. त्या भाचीचाही आला, जी खुर्चीखाली लाजत होती आणि माझ्यामुळे वाचली. मी असा माणूस नव्हतो.

शेवट काय लिहिणार, विचारलं. समुद्र वर येतो, म्हणाल्या. दीपगृह पडतं. मुलगी वर वाट बघत असते.

बदला, म्हटलं. त्या म्हणाल्या, मी ठरवत नाही.

२७ फेब्रुवारी

बाई दुपारी बाहेर गेल्या तेव्हा नाव खोडलं. पात्याने कागद खरवडला, भोकं पडली. चार वाजता पाहिलं तर भोकं तशीच, आणि नाव भोकांच्या शेजारी, निळ्या शाईत. अक्षर बाईंचं नाही. लहान मुलाचं. वेलांट्या उलट्या, ती काढते तशा.

१ मार्च

ताईला फोन केला. भिंगरीला दे म्हटलं. ताईने विचारलं,

“कोण भिंगरी?”

मी ओरडलो, शिव्या दिल्या, रडलो. ताई घाबरून म्हणत होती, अरे असं काय करतोस, तुला मूलबाळ कुठे आहे, बायको गेल्यापासून तू एकटाच नाहीस का, तब्येत बरी आहे ना. खिडकीतल्या खुर्चीचं विचारलं. त्या खुर्चीत कपड्यांचा ढीग आहे, म्हणाली.

२ मार्च

तिचं नाव आठवत नाही.

वही सगळी चाळली. भिंगरी, भिंगरी, भिंगरी. नाव कुठेच नाही. सरळमार्गी माणूस मी! एकदा, एकदा जरी नियम मोडला असता. हस्तलिखित आणि टंकलेली पानं आता बाईंच्या कपाटात, किल्ली बाईंच्या गळ्यात.

जे आठवतं ते लिहून ठेवतो. पुढचा दात अर्धा तुटलेला. डाव्या भुवईत तीळ. पावाच्या कडा खात नाही. आईच्या फोटोला रोज शुभ रात्री म्हणते आणि मग मला म्हणते की तू पण म्हण. अंगाला खडूचा वास. मी रागावलो की माझ्यासारखेच हात कमरेवर ठेवते.

५ मार्च

पिशवीत लहान लाल चपला सापडल्या. कुणाच्या, म्हणून फाटकाबाहेर ठेवायला निघालो होतो. नशीब, आधी वही उघडली. वीस जानेवारी वाचलं तेव्हा कळलं.

बाकावर बसून रडलो. घड्याळजींनी पाठीवर हात ठेवला.

आता चपला गळ्यात बांधल्यात. रोज सकाळी आधी वही वाचायची, मग तोंड धुवायचं.

८ मार्च

मावशींनी किल्ली आणून दिली. बाई न्हायला गेल्या तेव्हा उचललेली, ताटात पोळीखाली ठेवून.

शेवटचं प्रकरण वाचलं. नाव वाचलं. मोठ्याने वाचलं. वहीत उतरवायला गेलो तर शाईच उमटेना. दारातून बाहेर आलो आणि पुन्हा गेलं, पाणी ओंजळीतून जावं तसं. पण एक गोष्ट दिसली. पहिल्या प्रकरणात, होडी घेऊन गेलेल्या बापाच्या नावाची जागाही मोकळीच आहे. त्याला कुणी बोली लावली नव्हती. हरवलेल्या बापाला नाव कोण विकत घेणार?

बुडत्याला काडीचा आधार. मी ती काडी धरतो.

९ मार्च

लिहिलं. बापाच्या मोकळ्या जागेत माझं नाव. नेमणुकीच्या पत्रावर पाहून लिहिलं, कारण आता मला माझंही नीट आठवत नाही; पण स्वतःच्या हाताने, राजीखुशीने. आणि खाली, शेवटच्या पानावर, माझ्या अक्षरात: बाप परत आला. होडी खडकाला बांधली आणि तो पायऱ्या चढू लागला.

मागे वळलो तर बाई दारात उभ्या. थांबवतील असं वाटलं. त्यांनी पान घेतलं, वाचलं, आणि आनंदाने मान हलवली. इतके दिवस शेवट लागत नव्हता, म्हणाल्या. त्यांचा तो आनंद पाहून मला आयुष्यात वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

११ मार्च

मावशींनी ताट एकच वाढलं, बाईंचं. मी समोर उभा होतो. माझ्यातून पलीकडे बघून म्हणाल्या, वरच्या खोलीला नवा टंकलेखक हवा.

पत्रावरचं नाव वाचता येतं. कुणाचं ते कळत नाही.

या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. वहीत लिहिलंय. आज मी बावीस मोजल्या.

१२ मार्च बहुतेक

एकतीस. कठडा लाकडी नाही आता. भिंत गोल, ओली. हाताला मीठ लागतं. वही बरोबर घेतलीय, चपला गळ्यात आहेत. कुणाच्या — वहीत आहे. भिंगरीच्या. भिंगरी माझी मुलगी. भिंगरी माझी मुलगी.

खाली पाण्याचा आवाज. चढतोय.

तारीख नाही

चव्वेचाळीस. बसलोय. बारीक खिडकी आहे, बाहेर फक्त पांढरं. पानाची कड असते तसं.

खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या. परत जायला वाट नाही. जायचंच कुणाला आहे.

वर कुणीतरी फिरतंय. गरगर. लहान पावलं.

हाक मारायची तर नाव —

बावन्न. ऐकलं तिने. माझी पावलं ऐकली. खाली यायला निघाली असेल, नाही, वरच आहे, मोजतेय. माझ्याच पायऱ्या मोजतेय, मी टाकीन तशी एक एक, मोठ्याने. आवाज तिचा आहे. नक्की तिचा आहे का? बाईही असा लिहू शकतात. बाई काहीही लिहू शकतात. पण एकोणसाठचं त्यांना —

नाही. तीही त्यांनी लिहिलीय.

पाणी घोट्याला.

चढतो. हातात वही, गळ्यात चपला. पंचावन्न म्हणाली. छप्पन्न. देवा, तिला चुकू दे. सत्तावन्न. तूच असशील तर चूक गं पोरी. अठ्ठावन्न म्हणाली, आणि आता थांबलीय, श्वास घेतलाय, आणि आता ती